खाऱ्या वाऱ्यातला पन्नास इंची प्लाझ्मा: घ्यावा का, आणि घेतलाच तर लावावा कसा

मुंबईच्या घरात नवा पातळ टीव्ही आला की जुना पन्नास इंची प्लाझ्मा टीव्ही गणपतीच्या सामानासोबत टेम्पोत चढतो आणि गावच्या माजघरात येऊन बसतो. कधी फुकट, कधी नाममात्र पैशात. कणकवली, कुडाळ, चिपळूणच्या रिपेअरवाल्याकडेही एखादा भिंतीला टेकवलेला सापडतो. पॅनासोनिकने प्लाझ्मा बनवणं २०१३ च्या अखेरीस थांबवलं, सॅमसंग आणि एलजीने २०१४ मध्ये. म्हणजे हातात येणारा सगळ्यांत तरुण सेटही आज दहा वर्षांपलीकडचा आहे, हे धरूनच पुढचं वाचा.

इथे बोलायचं आहे ते त्यातल्या सर्वांत स्वस्त जातीबद्दल: पन्नास-एकावन्न इंच, १०२४ बाय ७६८ पिक्सेल, खोक्यावर 'एचडी रेडी'चा शिक्का. एलजीचा ५०पीएन४५००, सॅमसंगचे चौथ्या मालिकेतले एकावन्न इंची, पॅनासोनिक व्हिएराची एक्स मालिका, हे सगळे याच पंगतीतले. मत आधीच सांगून टाकतो. रात्री दिवे मालवून सिनेमा किंवा क्रिकेट बघणाऱ्याला या पैशात याच्या जवळपास जाणारं चित्र मिळत नाही. पण घर वर्षातले दहा महिने बंद असेल तर हा टीव्ही फुकट मिळाला तरी नेऊ नका. आणि कितीही चांगला असला तरी नव्या बत्तीस इंची एलईडीच्या निम्म्याहून जास्त मोजू नका.

पिक्सेलचा आकडा ऐकून नाक मुरडणारे बरेच. जरा हिशेब करू. पन्नास इंची पडदा ११०.७ सेंटिमीटर रुंद आणि ६२.३ सेंटिमीटर उंच. त्यात १०२४ आणि ७६८ बसवले की एक पिक्सेल १.०८ मिलिमीटर रुंद, ०.८१ मिलिमीटर उंच, म्हणजे तांदळाच्या कणीएवढा आणि थोडा आडवा. बारा फुटांवरून तो डोळ्याला सुटा दिसत नाही. नऊ फुटांवरून चालतं. सहा फुटांवर खुर्ची ओढलीत तर अक्षरांच्या कडा करवतीसारख्या दिसणारच. जुन्या घरांची माजघरं लांब असतात, त्यामुळे ही उणीव तिथे आपोआप झाकली जाते. सह्याद्री वाहिनीचं साधं प्रक्षेपण तर या पडद्यावर नव्या फोर-के टीव्हीपेक्षा सुसह्य दिसतं, कारण ते ताणून मोठं करण्याचं काम कमी.

खरी मजा काळ्या रंगात आहे. एलईडीत मागचा दिवा सतत पेटलेला असतो आणि पुढचा पडदा तो अडवतो. प्लाझ्मात प्रत्येक कप्प्यात निऑन-झेनॉन वायू असतो, विजेने तो पेटला की अतिनील किरण निघतात आणि कप्प्यातला फॉस्फर (प्रकाश देणारा लेप) उजळतो. अंधार दाखवायचा तर कप्पा पेटवायचाच नाही. या स्वस्त सेटमध्ये तेवढा कोळशासारखा काळा मिळत नाही. कप्पे झटकन पेटावेत म्हणून त्यांना सतत हलका झटका दिलेला असतो, त्याची राखाडी झाक पूर्ण अंधारात जाणवते. तरीही बाजूच्या ओटीवर बसून तिरकं बघितलं तर रंग जागचे हलत नाहीत, आणि सीमारेषेकडे धावणारा चेंडू शेपूट न सोडता जातो.

उणी बाजू म्हणजे लुकलुक. आपल्याकडचे सेट टॉप बॉक्स ५० हर्ट्झवर चालतात, त्यामुळे पांढरं मोठं क्षेत्र, विशेषतः डोळ्याच्या कोपऱ्यातून, थरथरल्यासारखं दिसतं. दोन दिवसांत सवय होते. ज्यांना होत नाही त्यांनी स्ट्रीमिंगची कांडी ६० हर्ट्झला लावून बघावी, फरक लगेच कळतो. त्या कांडीचं आउटपुट १०८०पी ठेवा, एचडीआर बंद करा आणि तिला स्वतःचा चार्जर द्या. टीव्हीच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअरच मिळतो, कांडीला एक लागतो. मग ती मध्येच रीस्टार्ट होत राहते आणि दोष वायफायला जातो.

घेताना

पेन ड्राइव्हवर पाच चित्रं घेऊन जा: सपाट लाल, हिरवं, निळं, पांढरं, काळं. मोबाइलवर बनवता येतात. विकणाऱ्याला आधीच सांगा की सेट बंद ठेवा. गेल्यावर पाठीला हात लावून बघा. गरम असेल तर तुमच्यासाठी तापवून ठेवलाय, थंड होईपर्यंत चहा घ्या. काही दोष फक्त थंड सेटवर दिसतात, काही अर्ध्या तासानंतर, म्हणून दोन्ही वेळा बघायचं.

पांढऱ्या आणि निळ्या चित्रावर जुन्या लोगोची किंवा बातम्यांच्या पट्टीची सावली शोधा. दिसली तर लगेच नाकारू नका. तासभर हलतं चित्र लावून परत पाहा. फिकट झाली तर ती तात्पुरती छाया, जशीच्या तशी राहिली तर फॉस्फर झिजलाय आणि तो परत येत नाही. काळ्या चित्रावर लाल-जांभळे ठिपके काजव्यांसारखे चमकत असतील तर व्होल्टेज सरकलंय. ते बहुधा दुरुस्त होतं, त्याबद्दल खाली. उभी रंगीत रेघ मात्र दिसली तर पाठ फिरवा. ती पॅनेलच्या काचेला चिकटवलेल्या रिबनची (पट्टीसारख्या वायरची) असते आणि ती जोडण्याचं काम आपल्याकडच्या दुकानांत सहसा होत नाही. आडवा अर्धा पडदा काळा असेल तर बफर बोर्ड (पडद्याच्या ओळींना वीज पोचवणारा) गेलेला असतो, तो बदलता येतो.

मागची जाळी टॉर्चने बघा. चिपळूण परिसरात हे जास्त काळजीने करा, कारण २२ जुलै २०२१ च्या पुरात भिजलेल्या वस्तू धुऊन-पुसून अजून फिरताहेत. जाळीच्या खालच्या कडेला मातीची रेघ, स्क्रूच्या डोक्यांत चिखल किंवा खालच्या अर्ध्या भागातच गंज असेल तर तो पाण्यात उभा राहिलेला सेट आहे.

आणताना उभाच आणायचा. आडवा टाकला की मोठ्या काचेला मध्ये आधार राहत नाही आणि मुंबई-गोवा रस्त्याच्या एका खड्ड्यात आतून तडा जातो. बाहेरची काच शाबूत दिसते, चालू केल्यावर कळतं. वजन वीस ते तीस किलो, दोन माणसं लागतातच. गादी उभी लावून दोरीने आवळलेला सेट सुखरूप पोहोचतो.

चिऱ्याच्या भिंतीला टांगायचा विचार शक्यतो सोडा. चिरा सच्छिद्र, ड्रिल मारलं की भोक ठरवल्यापेक्षा मोठं होतं आणि नेहमीचा फास्टनर आत फुलला तरी धरत नाही. टांगायचाच असेल तर दहा मिलिमीटर जाडीचे, किमान शंभर मिलिमीटर लांब नायलॉनचे प्लग किंवा केमिकल अँकर वापरा. मागच्या भोकांचं अंतर बहुतेकांत ४०० बाय ४०० असतं, स्क्रू मात्र कुठे एम६, कुठे एम८. नेण्याआधी एक काढून खिशात टाका. त्यापेक्षा भक्कम टेबल बरं. मागे दहा सेंटिमीटर मोकळी जागा आणि पडदा दाराच्या समोर न येता काटकोनात. पडवीचा उजेड काचेवर पडला की दुपारची मालिका बघताना अंगणातली तुळसच जास्त स्पष्ट दिसते.

चित्र लावणं

दुकानातला 'डायनॅमिक' किंवा 'व्हिव्हिड' मोड पहिला बंद करा. 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' निवडा, रंगतापमान 'वॉर्म'वर न्या. पहिले दोन दिवस पडदा पिवळट वाटेल. निळसर झगमगाटाला चटावलेला डोळा ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागतो.

नंतर पडद्याची चौकट. सॅमसंगमध्ये 'स्क्रीन फिट', एलजीत 'जस्ट स्कॅन', पॅनासोनिकमध्ये ओव्हरस्कॅन बंद. हे केलं नाही तर चित्राच्या कडा कापल्या जातात आणि उरलेलं विनाकारण ताणलं जातं, आधीच मोजक्या असलेल्या पिक्सेलांवर.

ब्राइटनेस म्हणजे उजेड नव्हे, ती काळ्याची पातळी. रात्री दिवे मालवा, वर-खाली काळ्या पट्ट्या असलेला सिनेमा लावा. ब्राइटनेस वाढवत पट्ट्या राखाडी होऊ द्या, मग एकेक अंक उतरवा. पट्टी सगळ्यांत गडद झाली की आणखी उतरवून फायदा नाही, उलट काळ्या केसांतल्या बटा आणि काळ्या कोटाच्या घड्या गिळल्या जातात. कॉन्ट्रास्टसाठी पांढरा सदरा घातलेला माणूस दिसेल असा प्रसंग थांबवा आणि सदऱ्याच्या सुरकुत्या दिसेपर्यंत खाली या. थांबवलेलं चित्र दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. शार्पनेस लोगोच्या कडेवर बघायचा: अक्षराभोवती पांढरी किनार दिसते ती खोटी आहे, ती जाईपर्यंत कमी करा. डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक टोन, एज एन्हान्समेंट ही सगळी खोगीरभरती बंद. नॉइज रिडक्शन साध्या वाहिन्यांना 'ऑटो', एचडीला बंद.

सेल लाइट नावाचा पर्याय असेल तर तो जपून. रात्री मध्यावर किंवा त्याखाली पुरतो. पूर्ण वाढवला तरी पूर्ण पांढऱ्या पडद्यावर उजेड फारसा वाढत नाही, कारण विजेची मर्यादा आली की सेट स्वतःच चमक आवरतो. बर्फाचा प्रसंग मळकट दिसतो तो यामुळे, बिघाडामुळे नव्हे. छोट्या ठिणग्या, दिव्यांच्या माळा, फटाके मात्र डोळे दिपतील असे दिसतात.

छाया पडण्याचं मोठं कारण आपल्या मराठी बातम्यांच्या वाहिन्या. खाली तीन मजली लाल-पिवळ्या पट्ट्या, कोपऱ्यात घड्याळ, चोवीस तास जागचे न हलणारे. गणपतीत घर भरलेलं असतं, कुणी न बघता ती वाहिनी सकाळपासून आरतीपर्यंत चालू राहते आणि अनंत चतुर्दशीपर्यंत पट्टी पडद्यावर उमटते. पिक्सेल शिफ्ट, म्हणजे चित्र हळूच सरकवत राहणारी सोय (एलजीत 'ऑर्बिटर'), कायम चालू ठेवा. पट्टी उमटलीच तर एलजीत 'कलर वॉश', सॅमसंग-पॅनासोनिकमध्ये 'स्क्रोलिंग' अर्धा-एक तास चालवा, नाहीतर पडदाभर चालणारा सिनेमा दोन-तीन रात्री लावा. चार बाय तीनच्या जुन्या सिनेमाला बाजूच्या काळ्या पट्ट्या ठेवून तासन्‌तास बघणंही या जातीला सोसत नाही. अधूनमधून पडदाभर करा, माणसं थोडी जाड दिसली तरी.

पावसाळा

कंपन्या एक लाख तासांनी चमक अर्धी होते असं सांगत. रोज सहा तास धरले तर ती पंचेचाळीस वर्षं झाली, तितकं इथे कुणी थांबत नाही. किनाऱ्यावर पॅनेल टिकतं, मागचे बोर्ड मरतात. खारी हवा कनेक्टरच्या पिनांवर बसते, पितळी भांड्याला चढतो तसा कळंक त्यांना चढतो. दोनशे व्होल्ट वाहणाऱ्या बोर्डावर मिठाचा ओलसर थर बसला की वीज त्या थरावरून वाट काढते. कडेला काळी जळकी रेघ दिसते ती हीच.

याला उपाय एकच आणि तो फुकट: सेट चालू ठेवा. आगोट लागल्यापासून दसऱ्यापर्यंत रोज तासभर चालवा. आतली उष्णता ओल बाहेर काढते. प्लास्टिकने गच्च झाकून ठेवणं सर्वांत वाईट, आत घाम धरतो. सुती चादर चालते. सिलिका जेलच्या पुड्या उघड्या खोलीत काही कामाच्या नाहीत.

बंद घर मे महिन्यात उघडल्यावर लगेच स्विच दाबू नका. आधी पिन काढलेल्या अवस्थेतच एक दिवस खिडक्या उघड्या ठेवून मागच्या जाळीवर पंखा सोडा. जाळीतून टॉर्च मारून पालीची अंडी, मुंग्यांची माती, कुंभारणीचं घर शोधा. पालींना ही उबदार जागा फार आवडते, आणि दोन पिनांवर एकदम चढलेली पाल स्वतःही जाते, पडदा पेटवणारा वाय-सस बोर्डही नेते. जाळीच्या आतून नायलॉनची मच्छरदाणी लावायचा मोह होतो, पण तिच्यावर धूळ बसून हवा अडते. लावलीच तर महिन्याला ब्रश फिरवा.

विजेचं दुसरं संकट वळवाचं आणि परतीच्या पावसाचं. गडगडायला लागलं की पिन काढा, पण डिशची केबलही काढा. छपरावरच्या डिशमधून आलेला झटका सेट टॉप बॉक्समार्गे एचडीएमआय पोर्ट जाळतो आणि त्यासोबत मेन बोर्ड. स्विच बंद करून भागत नाही. अर्थिंग जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात कोरडं पडतं, एप्रिल-मेमध्ये खड्ड्यात पाणी घालत जा. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मल्टिमीटरला पाच व्होल्टच्या वर दिसत असतील तर आधी वायरमन, मग टीव्ही. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तिथे स्टॅबिलायझर किमान ५०० व्हीएचा घ्या.

बिलाचं म्हणाल तर सरासरी दोनशे वॉट धरा. अंधाऱ्या सिनेमाला कमी, क्रिकेटच्या हिरव्या मैदानाला जास्त. रोज पाच तास म्हणजे एक युनिट, महिन्याला तीस. तेवढ्याच आकाराचा एलईडी साधारण निम्म्यात भागवतो. महावितरणच्या शंभर युनिटांच्या टप्प्याच्या काठावर असलेल्या घराला हे तीस युनिट पुढच्या दरात ढकलतात, ते खरं टोचतं. इन्व्हर्टरवर चालवायचा तर साइन वेव्हच हवा, चौकोनी लाटेवर सेट गुणगुणतो आणि एसएमपीएस (आतल्या वीजपुरवठ्याचा बोर्ड) तापतं. १५० अँपिअर-अवरची चांगली बॅटरी, टीव्ही आणि एक पंखा धरून, तीन तास नेते.

आतलं काम

हे घरच्या घरी करायचं काम नाही. पिन काढल्यावरही आतले कॅपॅसिटर भरलेले असतात आणि २०० व्होल्टचा डीसी झटका जिवावर बेतू शकतो. पण मेकॅनिक काय करतोय हे समजावं म्हणून सांगतो.

पाठ उघडली की पॅनेलच्या पत्र्यावर एक स्टिकर असतो. त्यावर व्हीएस, व्हीए, व्हीसेट अशा, पॅनेलला लागणाऱ्या वेगवेगळ्या पुरवठ्यांच्या, नावांपुढे व्होल्टेज छापलेली किंवा पेनाने लिहिलेली असतात, उदाहरणार्थ व्हीएस २०३, व्हीए ६०. हे आकडे त्याच पॅनेलचे, शेजारच्या त्याच मॉडेलला वेगळे असू शकतात. ठिपके चमकत असतील तर सेट पांढऱ्या चित्रावर पंधरा मिनिटं तापवायचा, मल्टिमीटर डीसी हजार व्होल्टवर, काळी काडी पत्र्याला, लाल काडी एसएमपीएसवरच्या व्हीएसच्या टोकाला. छापलेल्या आकड्यापेक्षा फरक असेल तर जवळचा छोटा पेच प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरने केसभर फिरवायचा, एका व्होल्टच्या आत आणायचा. मग व्हीए. अंदाजाने व्हीएस चढवणारा माणूस ठिपके घालवतो खरा, पण बोर्डाचे ट्रान्झिस्टर महिन्याभरात उडतात. स्टिकर न वाचता पेचाला हात घालणाऱ्याच्या हातून सेट काढून घ्या.

बोर्ड काढण्याआधी दोन किलोओहम, दहा वॉटचा रेझिस्टर लावून मोठे कॅपॅसिटर रिकामे करायचे, मीटरवर दहा व्होल्टच्या खाली दिसल्यावरच बोट लावायचं. रिबन कनेक्टर काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे, पूर्ण सुकल्यावर परत बसवायचे. किनाऱ्यावरचे निम्मे 'मेलेले' सेट एवढ्याने उठतात, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण आधी हेच करून बघावं. चालू करताच रिले टकटक करत राहिली आणि चित्र आलं नाही तर एसएमपीएसवरचे फुगलेले कॅपॅसिटर बघा. मायक्रोफॅरड तितकेच, व्होल्ट तितके किंवा जास्त, १०५ अंश सेल्सिअस सोसणारेच घ्यायचे. स्वस्तातले ८५ अंशांचे घातले तर पुढच्या उन्हाळ्यात हीच पाठ परत उघडावी लागते.

बोर्ड बदलायचा असेल तर टीव्हीच्या मॉडेलवर विसंबू नका. एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारचे बोर्ड आलेले असतात. बोर्डावरचा क्रमांक बघा, सॅमसंगला एलजे९२, एलजीला ईबीआर, पॅनासोनिकला टीएनपीए अशी सुरुवात असते, आणि शेवटची अक्षरंसुद्धा जुळली पाहिजेत. फोटो काढून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पाठवा. नवे मिळणार नाहीत, काच फुटलेल्या सेटमधून काढलेले मिळतात. त्यामुळे गावात कुणाचा त्याच मॉडेलचा पडदा फुटला असेल तर तो भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी उचलून माळ्यावर ठेवावा, पाठीकडची बाजू भिंतीकडे आणि तळ जमिनीपासून वीतभर वर.